शोधनिबंधाभोवतीचं रंगीत कडं आणि त्यातला आकडा

पावसाळ्यात केळीवर हरण्या रोग दिसायला लागला की रावेर-यावलकडचे शेतकऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप रात्री उशिरापर्यंत जागे असतात. यंदा अशाच एका रात्री माझ्या भाच्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. वर एका शोधनिबंधाचं इंग्रजी शीर्षक, शेजारी रंगीबेरंगी कडं आणि कड्याच्या मधोमध आकडा, १७८. खाली कुणीतरी मराठीत लिहिलं होतं, "हरण्यावर औषध सापडले, जगात १७८ मार्क." पाठोपाठ फोन आला. "मामा, तुम्ही कॉलेजच्या लायब्ररीत होते ना? हे मार्क कोण देतं? खरं आहे का हे?"

मी निबंध उघडून पाहिला. तो केळीचा नव्हताच. दुसऱ्याच पिकातल्या एका विषाणूवर प्रयोगशाळेत झालेलं काम होतं ते. हरण्या हा कुकुंबर मोझॅक नावाच्या विषाणूमुळे होणारा रोग. विषाणू झाडात शिरला की झाड बरं करणारं औषध नाही. रोगट झाड उपटून नष्ट करायचं, विषाणू पसरवणारा मावा आटोक्यात ठेवायचा आणि पुढच्या वेळी रोपं निरोगी आणायची, एवढंच हातात असतं. हे त्याला लगेच सांगितलं. पण "मार्क कोण देतं" याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येईना. तेच इथे सविस्तर लिहितो आहे, कारण हे रंगीत कडं आता वर्तमानपत्रांच्या बातम्यांत, महाविद्यालयांच्या अभिनंदनाच्या संदेशांत आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवरही दिसायला लागलं आहे आणि बहुतेक जण त्याला परीक्षेचा निकाल समजतात.

आधीचं माप: सायटेशन

संशोधक शोधनिबंध लिहितो तेव्हा आपण कुणाकुणाच्या कामाचा आधार घेतला ते शेवटी यादीत नोंदवतो. त्या यादीत एखाद्या जुन्या निबंधाचं नाव आलं की त्याला एक सायटेशन मिळालं. ज्याचा आधार जास्त लोकांनी घेतला त्याचं काम उपयोगी पडलं, असा हा साधा हिशेब. युजीन गारफिल्ड या अमेरिकी अभ्यासकाने १९५५ साली अशा नोंदींची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ साली विज्ञानातल्या सायटेशनची पहिली मोठी सूची प्रत्यक्षात आणली. नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' निघाला तो याच नोंदींतून. एखाद्या नियतकालिकातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात, त्याचा तो आकडा.

हे माप वाईट नाही, पण संथ आहे. आज निबंध छापून आला, तर तो कुणी वाचणार, त्यावर आपलं काम करणार, ते लिहिणार, तपासणीला पाठवणार आणि मग ते छापून येणार. यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. शिवाय सायटेशन फक्त दुसरा निबंध लिहिणाराच देऊ शकतो. चोपड्याच्या डॉक्टरने तो निबंध वाचून औषधाची मात्रा बदलली, शहाद्याच्या कृषी सहायकाने त्यातली शिफारस गावागावांत सांगितली, पाचोऱ्याच्या शिक्षिकेने तो वर्गात समजावला, तरी सायटेशनच्या खात्यात त्याची नोंद शून्य. मला या मापात सगळ्यात जास्त खटकत आलं ते हेच. संशोधन ज्यांच्यासाठी होतं, तेच हिशेबाबाहेर.

२०१० साली काय झालं

तोपर्यंत संशोधक ब्लॉग लिहू लागले होते, ट्विटरवर वाद घालत होते, इंटरनेटवर निबंध जतन करून ठेवत होते. अमेरिकेतला एक तरुण अभ्यासक जेसन प्रीम आणि त्याचे तीन सहकारी यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं, की आधी जी चर्चा खोलीतल्या खोलीत होऊन विरून जायची, तिच्या खुणा आता इंटरनेटवर राहतात, तर त्या मोजूया. या मोजणीला त्यांनी नाव दिलं अल्टमेट्रिक्स. म्हणजे सायटेशनखेरीजची पर्यायी मोजमापं. बातम्या, ब्लॉग, समाजमाध्यमं, विकिपीडिया, सरकारी धोरणपत्रं अशा ठिकाणी एखाद्या निबंधाचा उल्लेख किती वेळा झाला, ते यात मोजतात.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये युअन एडी यांनी 'अल्टमेट्रिक' याच नावाची कंपनी सुरू केली. भाच्याने पाठवलेलं रंगीत कडं तिचंच. प्लमएक्स हे असंच दुसरं माप. ते २०१७ पासून एल्सव्हिअर या बड्या प्रकाशन कंपनीकडे आहे. दोन्हींची रीत वेगळी असल्याने एकाच निबंधाचे आकडे दोन्हीकडे वेगळे दिसतात, यात घोटाळा काही नाही.

तो आकडा येतो कुठून

इथे डीओआय समजून घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे तो समजावणं सोपं आहे. गावात 'नदीकाठचं वावर' म्हटलं तर पन्नास जणांची वावरं डोळ्यांपुढे येतात. गट नंबर सांगितला की एकच जमीन. डीओआय हा शोधनिबंधाचा गट नंबर. तो १० या आकड्याने सुरू होतो, पुढे टिंब, मग आणखी आकडे-अक्षरं. शीर्षक सारखं असो, लेखकाचं आडनाव पाटील असो की महाजन, डीओआय त्या एकाच निबंधाचा असतो.

कंपनीचे संगणक इंटरनेटवरची ठरावीक ठिकाणं सतत चाळतात. हजारो वृत्तसंकेतस्थळं, निवडलेले ब्लॉग, विकिपीडिया, सरकारांची आणि जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थांची धोरणपत्रं, पेटंट, जाहीर समाजमाध्यमं. तिथे निबंधाचा डीओआय किंवा त्याच्या पानाचा दुवा सापडला की उल्लेखाची नोंद होते. नोंद झाली की वजन लावायचं. वृत्तसंकेतस्थळावरच्या बातमीचं मूळ वजन ८, ब्लॉगचं ५, धोरणपत्राचं आणि विकिपीडियाचं ३, फेसबुकवरच्या जाहीर पोस्टचं जेमतेम पाव. विकिपीडियावरच्या दहा लेखांत उल्लेख असला तरी गुण तीनच. एकाच माणसाने एकच निबंध वीसदा शेअर केला तर वीसपट गुण मिळत नाहीत. बातमी कुठे आली, शेअर करणारं खातं कसं आहे, यावरूनही वजन कमीजास्त होतं. ही सगळी बेरीज म्हणजे कड्यातला आकडा. कड्याचे रंग सांगतात की चर्चा कुठे झाली. बातम्यांचा लाल, ब्लॉगचा पिवळा, धोरणपत्रांचा जांभळा.

ही वजनं निसर्गाने दिलेली नाहीत. बातमीला ८ का, १० का नाही? तर एका कंपनीने तसं ठरवलं म्हणून. आणि या बेरजेत निबंध बरोबर आहे की चूक, हे तपासणारी एकही पायरी नाही. कंपनी स्वतःही सांगते, की हा आकडा लक्ष किती गेलं ते दाखवतो, गुणवत्ता दाखवत नाही.

मंडळातलं हवामान केंद्र

केळीचा हवामानावर आधारित पीकविमा काढणाऱ्या कुणालाही हे चटकन कळेल. भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून. तुमच्या वावरात वाऱ्याने बाग झोपली आणि केंद्र चार-पाच कोसांवर असेल, तिथे वारा मंद असेल, तर कागदावर वारा मंदच. यंत्र खोटं बोललं असं नाही. त्याच्यापाशी जे आलं तेवढंच त्याने मोजलं.

अल्टमेट्रिक्सचंही तसंच. ज्या ठिकाणी यंत्र बसवलं आहे तिथली चर्चा मोजली जाते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पाठवणारा आणि वाचणारा यांच्याखेरीज कुणाला दिसत नाही, म्हणून त्यातलं काहीच मोजलं जात नाही. फेसबुकचे बंद ग्रुप नाहीत, कृषी विज्ञान केंद्रातलं चर्चासत्र नाही, पारावरचं बोलणं तर नाहीच. भाच्याच्या ग्रुपवर त्या रात्री त्या निबंधावर तासभर खल झाला. त्यातून १७८ मध्ये पावशेरही भर पडली नाही.

आकडा मोठा म्हणजे संशोधन भारी, नाही का?

आठवडे बाजारात दुरून गर्दी दिसली तर ती कशाला जमली हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. भरिताची ताजी वांगी आली म्हणून जमते, तशी दोघांचं भांडण जुंपलं म्हणूनही जमते. मोजायला गेलं तर डोकी दोन्हीकडे शंभर.

जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीतल्या काही संशोधकांनी कोरोना विषाणूवर एक प्रीप्रिंट टाकला. प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच जाहीर केलेला निबंध. कोरोनाच्या काट्यांसारख्या प्रथिनातले चार तुकडे एचआयव्हीच्या प्रथिनांशी जुळतात, असा त्यात दावा होता. लोक आधीच घाबरलेले. बघता बघता तो जगभर पसरला, आणि विषाणू मुद्दाम तयार केल्याचा हा पुरावाच, असं लोक म्हणू लागले. पण तेवढ्यातच इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की इतके छोटे तुकडे असंख्य जीवांत जुळतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही. दोन-तीन दिवसांतच लेखकांनी निबंध मागे घेतला. पण तोवर झालेले उल्लेख पुसले जात नाहीत, आणि मागे घेतल्याची प्रत्येक बातमी हाही एक उल्लेखच. म्हणजे निबंध पडला आणि आकडा चढला.

त्याच वर्षी २२ मे रोजी लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा निबंध आला. या औषधाने कोरोनाच्या रुग्णांना धोका वाढतो, असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. ज्या माहितीवर निबंध उभा होता ती कुणाला तपासायलाच मिळेना, आणि ४ जूनला तो मागे घेतला गेला. तपासणी झालेला निबंध, मोठं नियतकालिक, प्रचंड चर्चा, आणि पाया पोकळ.

उलट बाजूही पाहा. मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग १८६६ साली छापले. आनुवंशिकतेचं शास्त्र ज्यावर उभं आहे तो हा निबंध १९०० सालापर्यंत जवळजवळ पडूनच राहिला. त्याच्याभोवती असं कडं काढलं असतं, तर चौतीस वर्षं त्यात फारसा रंग भरला नसता.

मग मोजायचंच कशाला?

माझे काही प्राध्यापक मित्र इथे हात झटकतात. "लोकांना काय कळतं? लोकांच्या लाइकवरून विज्ञान ठरवायचं का?" ठरवायचं नाहीच. पण मोजायचंच नाही, हेही मला पटत नाही.

वरच्या दिल्लीच्या निबंधाकडे पुन्हा पाहा. तो खोडून काढला गेला तोही त्याच उघड चर्चेत. पूर्वी नियतकालिकाला पत्र पाठवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागायची, ते इथे एका शनिवार-रविवारच्या अवधीत उरकलं. ही चर्चा नोंदलेली आहे म्हणून आज कुणालाही ती वाचून काय चुकलं ते समजून घेता येतं. कड्यावर टिचकी मारली की त्यातले बरेच उल्लेख उघडून पाहता येतात. कुणी लिहिलं, काय लिहिलं, कौतुक केलं की झोडपलं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली खरी मोलाची गोष्ट ही यादी आहे. आकडा तिच्या दारावरची पाटी, इतकंच.

या यादीत धोरणपत्रांचा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. समजा पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरच्या एखाद्या निबंधाची वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही, पण सरकारी मार्गदर्शक सूचनांत त्याचा आधार घेतला गेला. त्याचे गुण अगदी कमी भरतील. तरी तो निबंध लोकांच्या हंड्यापर्यंत पोचला. सायटेशनच्या जुन्या सूचीत तर ही खूण दिसलीच नसती.

आणि सगळ्या खुणा सारख्या नसतात. मेंडेली नावाची एक सोय आहे, तिच्यात अभ्यासक पुढे वाचायचे निबंध जतन करतात. तिथे किती जणांनी निबंध ठेवला आणि पुढे त्याला किती सायटेशन मिळाली, यांचा मेळ बऱ्यापैकी बसतो, असं बहुतेक अभ्यासांत दिसलं आहे. ट्विटची संख्या आणि सायटेशन यांचा मेळ मात्र क्षीण. जतन करणाऱ्याच्या मनात कामाचा विचार असतो. शेअर करणारा कित्येकदा शीर्षकावरच थांबतो. गंमत म्हणजे मेंडेलीची संख्या अल्टमेट्रिकच्या कड्यातल्या आकड्यात धरलेलीच नाही. ती बाजूला वेगळी दाखवतात.

आकडा फुगवता येतो का?

येतो. समाजमाध्यमांवर आपोआप पोस्ट टाकणारी संगणकी खाती आहेत; काही तर नवा निबंध आला की दुवा टाकायचा, एवढंच करतात. विद्यापीठांचे जनसंपर्क विभाग प्रसिद्धिपत्रक काढतात आणि तेच पत्रक पन्नास संकेतस्थळं जसंच्या तसं छापतात. पन्नास बातम्या, वाचणारा आणि तपासणारा एकही नाही. कंपन्या अशा उल्लेखांना आळा घालण्याचा प्रयत्न करतात, तरी काही निसटतातच.

पण मला खरी भीती दुसरी आहे. मापाला बक्षीस जोडलं की लोक मापासाठीच काम करू लागतात. हे आपण याआधी भोगलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी गुणांकन आणलं, छापलेल्या निबंधांना गुण ठरले, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पेवच फुटलं. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात वगळली. ग्रंथालयाच्या टेबलावर बसून मी अशा नियतकालिकांचे अंक येताना पाहिले आहेत. मुखपृष्ठावर 'आंतरराष्ट्रीय' आणि आत एकाच निबंधात तीन ठिकाणी तोच परिच्छेद. चांगलं काम करणारे प्राध्यापकही त्या रांगेत उभे राहिले, कारण रांग सोडली तर बढती गेली. उद्या कड्यातल्या आकड्याला बढतीचे गुण लागले, तर निबंध लिहून झाल्यावर तो शेअर करा म्हणून विद्यार्थ्यांना सांगितलं जाईल. सायटेशन आणि इम्पॅक्ट फॅक्टर यांच्या अतिरेकाविरुद्ध सॅन फ्रान्सिस्को इथून २०१३ साली एक जाहीरनामा निघाला. नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचं मोल ठरवू नका, प्रत्यक्ष काम वाचा, असं त्यात बजावलं होतं. ते या नव्या आकड्यालाही तितकंच लागू आहे.

मराठीतली चर्चा कुठे जाते?

चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात पाटण इथे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, याची ती नोंद. लेख मुख्यतः संस्कृतात, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत. त्या मराठी भागात बाजारात येणाऱ्या मालावरचं उत्पन्न मठाला लावून दिल्याचा हिशेब आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. आठशे वर्षांपूर्वी खानदेशात गणिताचा एक ग्रंथ किती मनावर घेतला गेला होता, हे आज आपल्याला कळतं ते कुणीतरी दगडावर कोरून ठेवलं म्हणून. त्या मठात झालेले वाद आणि पोरांच्या शंका यांची नोंद कुठेच नाही.

आपली आजची मराठी चर्चा त्या वादांच्या वाटेने जाते आहे. मराठी बातमीत "अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शोधून काढले" एवढंच असतं. कुठल्या नियतकालिकात, कोणत्या साली, डीओआय काय, यातलं काहीच नाही. दुवा नसला की यंत्राला निबंध कोणता ते ओळखणं अवघड. मग जळगावच्या केळीवर जळगावातच झालेल्या कामाची मराठीत कितीही चर्चा झाली, तरी जगाच्या नकाशावर तिथे कोरडंच दिसतं आणि इंग्रजीत कुठेतरी दोन ब्लॉगवर आलेला निबंध 'गाजलेला' ठरतो. याचा राग यंत्रावर काढून काय होणार? नोंद सोडणं आपल्या हातात आहे.

शिवाय डीओआय लिहिला की यंत्रापेक्षा वाचणाऱ्याची जास्त सोय होते. तो निबंध खरंच केळीचा आहे का, शेतात करून पाहिलाय की नुसता काचपात्रात, पुढे मागे घेतला गेला का, हे त्या एका नंबरवरून पाच मिनिटांत पाहता येतं. त्या रात्रीचा हरण्याचा संदेश डीओआयसकट आला असता, तर ग्रुपवरच्या बीएस्सी ॲग्री झालेल्या चार पोरांपैकी एकाने तिथेच थांबवला असता.

भाच्याला मी तेवढंच सांगितलं. मार्क विचारू नको, नंबर माग. गेल्या आठवड्यात त्याच्या ग्रुपवर करप्याबद्दल एक संदेश फिरला. कुणीतरी एका निबंधाचं सार चार ओळींत मराठीत लिहिलं होतं आणि खाली १० ने सुरू होणारी ती लांबलचक ओळ चिकटवली होती. एका काकांनी विचारलं, "हा नंबर कशाचा रे?" भाच्याने उत्तर टाकलं, "गट नंबर आहे काका. उतारा काढून पाहा."